ओरेगॉनची वाट आणि खेळातला बोध

‘खेळातून शिक्षण’ हा शब्दप्रयोग आता इतका गुळगुळीत झाला आहे, की त्याला अर्थाची धार म्हणून उरलेली नाही. शाळांच्या माहितीपत्रकांत तो असतो, संगणकावरील शिकवण्यांच्या जाहिरातींत असतो आणि शिक्षणपरिषदांच्या ठरावांत तर असतोच असतो. परंतु तो उच्चारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी एखादा शैक्षणिक खेळ, आपण कादंबरी वाचतो तसा, आरंभापासून अखेरपर्यंत लक्ष देऊन पाहिलेला असतो. खेळाची शिफारस होते, खेळावर बंदी घालण्याची मागणीही होते; खेळाची समीक्षा मात्र होत नाही. कादंबरीने तरुण बिघडतात की सुधारतात एवढ्याच प्रश्नावर आपले टीकाकार पन्नास वर्षे भांडत राहिले असते आणि कादंबरी रचली कशी आहे हे कोणीच पाहिले नसते, तर आपल्या टीकेची जी अवस्था झाली असती ती आज या विषयाची आहे.

एकच खेळ घेऊन तो एक कृती म्हणून वाचावा, असा माझा येथे हेतू आहे. साहित्याच्या टीकाकाराने हा उद्योग करावा याबद्दल काही वाचकांच्या भुवया चढतील. त्यांना एवढेच सांगतो, की जो प्रश्न या खेळांपाशी आज येऊन उभा राहिला आहे तो आपल्या ओळखीचा आहे. कलेकरिता कला की जीवनाकरिता कला, हा वाद १९३०नंतरच्या काळात फडके आणि खांडेकर यांच्या नावांभोवती रंगला. तो आज कोणाला जिवंत वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. दोन्ही पक्षांनी बोध ही कृतीत वरून घालावयाची, अथवा वरून काढून टाकावयाची, वस्तू मानली होती. पुढे मर्ढेकरांनी लयीचा, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल यांचा विचार मांडला, ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली ग्रंथरूपाने आले, आणि आशय हा घाटाबाहेर कोठे नसतो हे आपल्याला हळूहळू उमगू लागले. मर्ढेकरांचे सगळेच मला पटते असे नाही. पण बाटली निराळी आणि औषध निराळे, ही कल्पना त्यांच्यानंतर पूर्वीच्या निश्चिंतपणे कोणाला बाळगता आलेली नाही.

शैक्षणिक खेळांच्या जगात मात्र बाटली आणि औषध अजून सुखाने नांदत आहेत. अमेरिकेत १९८३ साली निघालेला ‘मॅथ ब्लास्टर’ हा खेळ पाहा. पडद्यावर गणित येते, बरोबर उत्तराच्या दिशेने नेम धरावयाचा आणि उडवावयाचे. बेरजेचा आणि नेमबाजीचा परस्परांशी काडीइतका संबंध नाही. बेरजेच्या जागी देशांच्या राजधान्या घाला, संस्कृतातली शब्दरूपे घाला, खेळ तसाच चालेल. मी ही कसोटी फार उपयोगाची मानतो: धडा बदलला आणि खेळाला त्याचा पत्ताही लागला नाही, तर तो खेळ धडा शिकवीत नाही, धड्याभोवती साखर लावतो. मुलाला एवढे मात्र नक्की समजते, की बेरीज ही कडू असली पाहिजे, नाही तर तिला साखर कशाला लागली असती?

आज भाषा शिकविणारे, पाढे घोकून घेणारे जे असंख्य कार्यक्रम फोनवर येतात त्यांची जात बहुधा हीच. बरोबर उत्तराला नाणे, सलग आलेल्या दिवसांची मोजदाद, एक दिवस चुकला की हळहळणारे एखादे चित्रातले पाखरू. यात नवीन फक्त पाखरू आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५३ साली आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गाला भेट दिली, मुलांना आपले उत्तर बरोबर की चूक हे दुसऱ्या दिवसापर्यंत कळत नाही हे पाहून तो अस्वस्थ झाला, आणि त्याने तत्काळ निकाल देणारे शिकवणी-यंत्र तयार केले. तत्काळ निकाल ही गोष्ट क्षुद्र नव्हे. कोणत्याही तालमीत ती असते, तबला शिकणाऱ्याला तर ती मात्रेमात्रेला मिळते. पण निकाल आणि बक्षीस यांत फरक आहे. आणि बक्षिसाचेच म्हणाल, तर गुण, क्रमांक, प्रगतिपुस्तक आणि लाल शाई यांचा खेळ आपली शाळा फोन येण्याच्या फार पूर्वीपासून खेळत आली आहे. शाळेत खेळ आणला म्हणून ज्यांना भीती वाटते त्यांनी हे ध्यानी घ्यावे, की शाळेतला सर्वांत जुना आणि सर्वांत कंटाळवाणा खेळच फोनवर गेला आहे.

खेळ शिकवितो तो कशाने? माझ्या मते नियमाने. याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. ज्याला आज आपण सापशिडी म्हणतो तो मूळचा मोक्षपट. परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. पुराव्याच्या दृष्टीने ती कितपत टिकेल हा निराळा विषय. पटावरच्या घरांना गुणांची आणि अवगुणांची नावे, शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा, आणि शेवटी मुक्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तेथे आपल्या नावांच्या जागी व्हिक्टोरियन नीतीची नावे आणि चित्रे बसली. पुढे तीही गळली आणि मुलांच्या हाती १ ते १०० आकडे राहिले. नावे दोनदा बदलली, खेळ एकदाही बदलला नाही! मग मोक्षपट जे शिकवीत होता ते नावांत होते असे कसे म्हणावे? पट नीट पाहिला तर दिसते, की दयेच्या घरात मी पोहोचतो तो दयाळू आहे म्हणून नव्हे, कवड्या तशा पडल्या म्हणून. सद्गुण निवडण्याची मुभा या पटावर कोणालाच नाही. पुरुषार्थाला येथे जागा नाही. आहे ते प्रारब्ध, आणि ते सोसण्याची ताकद. अठ्ठ्याण्णवाच्या घरातून तळाशी घसरणारा आणि पुन्हा कवड्या उचलणारा मुलगा जे शिकतो ते कोणत्याही घरावर लिहिलेले नसते. मोक्षपट हा बोधपर खेळ खराच, पण त्याचा बोध त्याच्या लेबलांच्या विरुद्ध जातो, असे माझे मत आहे.

आता मुख्य कृतीकडे वळतो. तिचे नाव ‘द ओरेगॉन ट्रेल’, म्हणजे ओरेगॉनची वाट. १९७१ साली मिनियापोलिस येथे डॉन रॉविच हा अध्यापनाची उमेदवारी करणारा तरुण आठवीला इतिहास शिकवीत होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हजारो कुटुंबे बैलगाड्यांतून सुमारे २००० मैल पश्चिमेकडे गेली, तो भाग त्याला घ्यावयाचा होता. त्याच्याबरोबर राहणारे बिल हाइनेमन आणि पॉल डिलनबर्गर हे दोघे गणिताचे उमेदवार शिक्षक. त्यांना संगणकाची भाषा येत होती. दोन आठवड्यांत तिघांनी खेळ रचला आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी तो वर्गापुढे ठेवला. पडदा नव्हता. टेलिप्रिंटर होता, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एके काळी अहोरात्र खडखडणारा तोच, आणि तो दूर कोठेतरी असलेल्या संगणकाला जोडलेला होता. शिकार करावयाची म्हणजे बंदुकीच्या आवाजाचा शब्द बिनचूक आणि झटपट टाइप करावयाचा. मला हे फार मोहक वाटते. शुद्धलेखनाने हरिण पडते, असा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

पुढे मिनेसोटा राज्याने शाळांत संगणक पोहोचविण्यासाठी जी संस्था काढली तिच्यात रॉविच १९७४ साली रुजू झाला. सत्र संपताना मूळ कार्यक्रम यंत्रातून पुसला गेला होता. कागदावरची छापील प्रत त्याच्यापाशी होती, ती पाहून त्याने तो पुन्हा टाइप केला. या वेळी त्याने एक गोष्ट केली जी मला कलावंताची वाटते. प्रवाशांच्या रोजनिशा वाचून वादळ, आजार, गाडी मोडणे, बैल हरवणे या प्रसंगांची शक्यता त्याने त्या नोंदींच्या प्रमाणात बसविली. म्हणजे माहिती मजकुरात न घालता नियमात घातली. मुलाला कोणी सांगत नाही की वाटेत आजाराने माणसे फार मेली. त्याच्याच गाडीतली माणसे आजारी पडू लागतात.

पिढ्यान्पिढ्यांच्या अमेरिकन मुलांना जो खेळ आठवतो तो १९८५ सालचा, ॲपल टू या यंत्रासाठी आर. फिलिप बुशार्ड यांच्या नेतृत्वाखाली नव्याने रचलेला. तो आज कोणालाही संगणकावर सहज खेळता येतो आणि मी तो अनेकदा खेळलो आहे. साल १८४८. आरंभी आपण कोण हे ठरवावयाचे: बोस्टनचा बँकर, ओहायोचा सुतार की इलिनॉयचा शेतकरी. बँकरपाशी १६०० डॉलर, सुताराकडे ८००, शेतकऱ्याकडे ४००. सुतार पोहोचला तर त्याचे गुण दुप्पट होतात, शेतकऱ्याचे तिप्पट. या एका नियमात केवढी मोठी समजूत दडली आहे! इतिहासाने गरिबाला त्याच्या गरिबीची भरपाई दिल्याचे ऐकिवात नाही. हा खेळ ती गुणांत देतो. त्याला न्यायबुद्धी म्हणा किंवा अमेरिकेची स्वतःविषयीची आवडती गोष्ट म्हणा. मला दोन्ही वाटते.

मग सामान. बैल, कपडे, काडतुसे, गाडीचे सुटे भाग, धान्य. कोणत्या महिन्यात निघावयाचे? फार लवकर निघाले तर बैलांना गवत नाही, उशीर केला तर डोंगरात बर्फ. वेग किती ठेवावा, शिधा किती वाटावा? नदी आली तर गाडी तशीच पाण्यात घालावी, फटी बुजवून तरंगत न्यावी, की पैसे देऊन तराफ्याने जावे? हे प्रश्न क्षुल्लक दिसतात, पण ते एकमेकांत असे गुंतलेले आहेत की एकाचे उत्तर दुसऱ्याला जाऊन लागते. जास्त कपडे घेतले तर काडतुसे कमी, काडतुसे कमी तर शिकार कमी, शिकार कमी तर शिधा आखडता, शिधा आखडला की आजार. बेरीज-वजाबाकी येथेही आहे, आणि ‘मॅथ ब्लास्टर’पेक्षा अवघड आहे, पण ती साखरेत घोळलेली नाही. तिच्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे. मघाची कसोटी येथे लावून पाहा: बैलगाड्यांचा इतिहास काढून दुसरा विषय घालता येतो का? येत नाही. घातला तर तो दुसरा खेळ होतो.

मरणाचे वर्णन हा या कृतीचा सर्वांत अस्सल भाग. पडद्यावर एक ओळ उमटते: अमुक जण आमांशाने वारला. ते नाव आपणच ठेवलेले असते, बहुधा बाकावर शेजारी बसलेल्या मित्राचे. ना विलाप, ना विशेषण. पुढची ओळ तुम्हाला शिध्याचे विचारते. नवोदित कथाकारांना हा संयम शिकावयास दोन-तीन संग्रह तरी लागतात. स्वतः म्होरक्या मेला तर त्याच्या थडग्यावर चार शब्द लिहिण्याची परवानगी मिळते, आणि त्याच तबकडीवर नंतर खेळणाऱ्या मुलाला वाटेत ते थडगे लागते. मुलांनी तेथे पुष्कळ वात्रटपणाही लिहिला. तो असणारच, थडग्यांच्या वाटेवरही शाळकरी पोरे ती शाळकरी पोरेच.

एवढे सगळे मान्य करून आता या खेळावरचा माझा मुख्य आक्षेप सांगतो. प्रवास संपतो तो विलॅमेट नदीच्या खोऱ्यात. पडदा अभिनंदन करतो आणि गुण मोजतो: किती माणसे जगली, किती सामान उरले. ही माणसे येथे आली कशासाठी? जमिनीसाठी. १८५० साली अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला, की ओरेगॉनात वस्ती करणाऱ्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४० एकर जमीन मिळावी. त्या खोऱ्यात कालापुया लोक राहत होते. १८३०नंतरच्या साथींनी ते आधीच फार घटले होते. १८५५च्या तहानंतर उरलेल्यांना ग्रँड रोंड येथील राखीव प्रदेशात नेण्यात आले. खेळाच्या गुणतक्त्यात बैल मोजले जातात, काडतुसे मोजली जातात. जमीन मोजली जात नाही, कारण ती मोजली तर कोणाची होती हे विचारावे लागेल.

मूळ रहिवासी खेळात नाहीत असे नव्हे. ते वाट दाखवितात, अन्न कोठे मिळेल ते सांगतात, स्नेक नदी ओलांडून देतात आणि मोबदल्यात कपडे घेतात. चितारलेले वाईट नाहीत. त्या काळच्या चित्रपटांशी तुलना केली तर पुष्कळच बरे. पण ते खेळाच्या व्याकरणात कर्ता कधीच होत नाहीत. वादळ जसे घडते, बैल जसा लंगडतो, तसे ते ‘घडतात’. पोर्टलंडचे शिक्षक बिल बिगेलो यांनी १९९०च्या दशकात या खेळाच्या नंतरच्या आवृत्तीवर टीका करताना दाखविले, की खेळाडूला स्त्री किंवा कृष्णवर्णीय होण्याची सोय आहे, पण त्यानंतरचा प्रवास गोऱ्या पुरुषाचाच राहतो. ही टीका मला मर्मभेदी वाटते. नाव बदलले, नियम बदलला नाही. मोक्षपटाचीच गोष्ट!

कोणी म्हणेल, पाठ्यपुस्तकांतही मौन असते. असते, आपल्या पाठ्यपुस्तकांतली मौने मोजू लागलो तर हा अंक पुरावयाचा नाही. परंतु पुस्तकाचे मौन आणि खेळाचे मौन यांत एक भेद आहे आणि तो मला या सबंध विषयाचा गाभा वाटतो. पुस्तक वाचताना मी पानापानावर लेखकाशी असहमत होऊ शकतो, समासात प्रश्नचिन्ह काढू शकतो, आणि तरी वाचत राहू शकतो. खेळात ते शक्य नाही. नियम न मानणे म्हणजे खेळ थांबविणे. मुलाला बैल हाकावयाचे असतील तर पोहोचणे म्हणजेच जिंकणे, हे त्याला आधी मानावे लागते. आणि मानले हे त्याच्या लक्षातही येत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष नदीच्या पाण्याकडे असते. नियमांतूनच युक्तिवाद होतो हा विचार इयन बोगोस्ट यांनी २००७ सालच्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला आहे. मात्र युक्तिवाद म्हटले की प्रतिवादाची सोय गृहीत असते. येथे ती कोठे आहे?

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. मे महिन्याच्या सुट्टीत आपली मुले ‘व्यापार’ नावाचा जो पट मांडून भांडतात, त्याचा मूळ पुरुष ‘मोनोपॉली’, आणि त्याच्याही मागे एलिझाबेथ मॅगी या बाईंनी अमेरिकेत १९०४ साली पेटंट घेतलेला जमीनदाराचा खेळ. जमिनीच्या मक्तेदारीने समाज कसा भिकेस लागतो हे दाखवावे, हा बाईंचा उद्देश. हेन्री जॉर्जच्या अर्थविचाराच्या त्या अनुयायी होत्या. त्यांनी एकाच पटासाठी दोन नियमावल्या केल्या होत्या: एकीत एकजण श्रीमंत होऊन बाकीचे बुडत, दुसरीत संपत्ती सर्वांना पोहोचे. १९३५ साली ‘मोनोपॉली’ बाजारात आली ती पहिलीच नियमावली घेऊन. दुसरी गळली, आणि तिच्याबरोबर पहिलीवरची टीकाही गळली. दोन नियमावल्या शेजारी होत्या तोवर मुलाला तुलना करता येत होती. एकच उरली तेव्हा ती जगाची रीत झाली.

म्हणून २०१९ साली निघालेल्या ‘व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स’ या खेळाचे महत्त्व मला त्याच्या करमणुकीपेक्षा निराळ्या कारणाने वाटते. एलिझाबेथ लापेन्सी यांच्या मार्गदर्शनाखाली तो झाला आणि त्याचे लेखन मूळ रहिवाशांतील अनेक लेखकांनी मिळून केले. १८९०च्या दशकात जमीनवाटपाच्या कायद्यांमुळे मिनेसोटातील आपल्या भूमीतून उखडला गेलेला अनिशिनाबे माणूस येथे पश्चिमेकडे कॅलिफोर्नियाकडे चालतो. वाट तशीच, दिशा तीच, शिध्याची काळजी तीच, चालणारा निराळा. खेळ म्हणून तो काही ठिकाणी संथ आहे, संवाद लांबतात, आणि बैलगाडीच्या खेळात निर्णयांची जी घट्ट वीण आहे ती त्यात नाही. पण ‘ओरेगॉनची वाट’ खेळून झालेल्या मुलासमोर तो ठेवला तर मॅगीबाईंची दुसरी नियमावली परत मिळाल्यासारखे होते. खुद्द ‘ओरेगॉन ट्रेल’ची २०२१ साली जी नवी आवृत्ती आली तिच्या रचनेत मूळ रहिवाशांच्या इतिहासाच्या अभ्यासकांचा सल्ला घेण्यात आला, हेही नोंदविले पाहिजे.

तंत्राच्या बदलाबद्दल आपल्याकडे फार बोलले जाते. मला त्यातली एकच गोष्ट लक्षणीय वाटते. १९७१ साली वर्गात यंत्र एकच होते. मुलांनी टोळ्या केल्या, आणि कामे आपसांत वाटून घेतली: जो झटपट टाइप करतो तो शिकारी, एकजण नकाशावर, एकजण हिशेबाला. निर्णयावर वाद होत, बहुमत घेतले जाई. हे कोणी योजिले नव्हते, टंचाईने घडविले. आणि बाजूला शिक्षक उभा होता, ज्याला मुलगा विचारू शकत होता, की ही जमीन आधी कोणाची होती? आज प्रत्येक मुलापुढे स्वतंत्र पडदा आहे. त्याच्या चुकांची नोंद यंत्र ठेवते, त्याच्या गतीने धडा पुढे सरकतो, आणि हे फार मोठे सुख आहे असे सांगण्यात येते. काही विषयांत ते असेलही. पण शेजारच्याशी ‘आता नदीत गाडी घालू नकोस’ म्हणून भांडण्याची जागा त्या पडद्यात नाही.

आणखी एक जागा गेली आहे. रॉविचने १९७८ साली ‘क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग’ या नियतकालिकाच्या मे-जूनच्या अंकात खेळाचा सबंध कार्यक्रम बेसिक भाषेत छापून टाकला. ज्याच्यापाशी यंत्र असेल त्याने ओळी टाइप कराव्यात आणि खेळावे. त्या पानांवर सगळे उघडे होते: बैलांवर किती खर्च केला तर चाल किती, कोणत्या आकड्याला गारपीट, कोणत्या आकड्याला साप. मूळ रहिवासी येऊन अन्नाचा पत्ता सांगतात तो प्रसंगही तेथे एका छापील ओळीत आहे. ती ओळ मुलाला वाचता येत होती. तिच्यातला आकडा खोडून दुसरा घालता येत होता, ते लोक एकाच ओळीत का, असे विचारता येत होते, आणि हात चालत असता तर त्यांच्यासाठी आणखी पन्नास ओळी लिहिताही आल्या असत्या. आज शाळांतून वाटल्या जाणाऱ्या पाट्यांवरचे खेळ मी उघडून पाहतो तेव्हा अशा ओळी मला कोठे दिसत नाहीत. दिसते ते पाखरू, आणि आज मी किती नाणी मिळविली त्याचा आकडा.